ठिपका शिंजुकुला थांबला की

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, "आई, इथे टोकियोत लोकलमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, इतकं शांत वाटतं!" मी नुसतं "हो का" म्हटलं. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

तुझी गाडी मी रोज बघते. तुझे आठ वाजतात तेव्हा आमचे साडेचार. डोळा उघडला की फोनच्या नकाशावर तुझा निळा ठिपका शोधते. मिताकाहून निघतो, सरळ रेषेत पूर्वेकडे सरकतो. शिंजुकुला थांबला की मी उठून चहाचं आधण ठेवते.

तिथल्या शांततेत दुसऱ्याचा विचार आहे. दमलेल्याला डुलकी घेऊ द्यावी, डब्यात फोनवर बोलू नये, हे मला मनापासून पटतं. आपल्याकडे हल्ली मोठ्या आवाजात व्हिडिओ लावतात, त्यापेक्षा कितीतरी बरं. पण माझी सत्तावीस वर्षं ठाणे ते व्हीटी लेडीज डब्यात गेली गं. मांडीवर पिशवी ठेवून गवार निवडायची, दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण बांधायचं. एकमेकींची नावं पुष्कळदा ठाऊक नसायची. "तुम्ही कुठे उतरणार?" यावरून ओळख. एक मुलुंडवाली होती, सहा वर्षं मी तिला मुलुंडवालीच म्हणायचे.

26 जुलै 2005 ला तीच माझ्या शेजारी होती. कुलाब्यात त्या दिवशी जेमतेम 73 मिलिमीटर पाऊस, सांताक्रूझला 944. फोर्टातून निघताना आम्हाला कल्पनाच नव्हती. गाडी सायनच्या पुढे गेली आणि थांबली ती थांबलीच. पाणी फूटबोर्डाला लागलं. मोबाईल होता, पण लागत नव्हता. अंधार पडायच्या आत आम्ही अकराजणी रुळांवर उतरलो, एकमेकींचे पदर धरून. पुढे मुलुंडवाली, छत्रीच्या टोकाने रुळांखालचे स्लीपर चाचपत. "आहे, या" म्हणाली की एक पाऊल टाकायचं. मला अजून तो आवाज ऐकू येतो.

रात्री एका चाळीत एका अनोळखी बाईंनी आम्हाला घरात घेतलं. गरम खिचडी, कोरड्या साड्या. सकाळी चालत मुलुंड, तिच्याकडे दोन घास खाल्ले, मग ठाणे. तू चार वर्षांची होतीस. दारात मी दिसले तरी आजीच्या मागे लपलीस. अंगावर परकी हिरवी साडी होती ना! ती परत द्यायला गेले तर बाईंनी घेतली नाही. तू तिकडे नेलेल्या गोधडीत मधला हिरवा चौकोन आहे, तो त्याच साडीचा.

तू म्हणशील, आता ठिपका आहे, आता काय काळजी? ठिपका मला हवाच, तो बंद करू नकोस. पण त्या रात्री नेटवर्क गेलं, तेव्हा माझ्या हातात फक्त एक पदर होता. तुमच्याकडे तर भूकंप होतात. म्हणून एवढंच मागते, त्या डब्यातलं एक तरी माणूस तुला चेहऱ्याने ओळखणारं असू दे. जपानी येत नाही म्हणून अडू नकोस. तूच सांगितलं होतंस, रोज त्याच दाराशी एक कापडी पिशवीवाली आजी उभी असते. तिला एकदा मान लववून बघ. बोलायला नको, नियम मोडायला नको.

जमलं तर रविवारी सांग. नाही जमलं तरी सांग.

मेतकूट पोचलं का? पाकीट फोडलंस की लगेच बरणीत काढ, तिकडे जूनमध्ये पावसाची दमट हवा सुरू होते, ओल धरेल. बाबांनी तुझ्या सायकलला तेल घातलंय, कशासाठी ते विचारू नकोस.

तुझी,
आई