बॉन्डच नव्हता, तर प्रीमियम कसला?

प्रति,
व्यवस्थापक,
बेल बॉन्ड कंपनी, ह्यूस्टन, टेक्सास

विषय : न्यायाधीशांनी बॉन्ड मंजूर केलेला नसताना घेतलेले १,५०० डॉलर आणि गाडीचं टायटल (मालकीचा कागद) परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या धाकट्या भावाला प्रोबेशनच्या (तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर राहण्याच्या मुभेच्या) अटी मोडल्याच्या वॉरंटवर अटक झाली. तुमची कंपनी फी (प्रीमियम) घेऊन आरोपीच्या जामिनाची हमी (बॉन्ड) देते, म्हणून त्या रात्री मी तुमच्या कार्यालयात फोन केला. पलीकडे मराठी बोलणारा माणूस मिळाला, म्हणूनच तुमची कंपनी निवडली. सगळं बोलणं मराठीत झालं, त्यामुळे तक्रारही मराठीतच लिहिते आहे. इंग्रजी प्रत सोबत आहे.

केस काय आहे, हे मी तुमच्या एजंटला सुरुवातीलाच सांगितलं होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल भाऊ दोषी ठरला होता आणि कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी प्रोबेशन दिलं होतं. त्याच्या गाडीत फुंकर मारल्याशिवाय इंजिन सुरू न होणारं यंत्र बसवलेलं आहे. त्यात दारूची नोंद झाली, सरकारी वकिलांनी प्रोबेशन रद्द करायचा अर्ज दिला आणि वॉरंट निघालं. ही नव्या गुन्ह्यातली अटक नाही, असं मी स्पष्ट म्हणाले. त्यावर त्यांचं उत्तर असं : "ताई, जामीन तो जामीनच. पंधरा हजारांचा बॉन्ड धरून चला, दहा टक्के भरा, सकाळी पोरगा घरी असेल."

मी भरले. फोनवर आलेली लिंक उघडून को-सायनर, म्हणजे हमीदार, म्हणून सही केली आणि सकाळी माझ्या गाडीचं टायटल तारण म्हणून तुमच्या काउंटरवर नेऊन दिलं. त्या करारात बॉन्डच्या रकमेच्या रकान्यात १५,००० हा आकडा तुमच्या माणसाने टाइप केलेला आहे. कोणत्याही न्यायाधीशाने तो दिलेला नव्हता. त्याच रात्री तुरुंगाच्या वेबसाइटवर भावाच्या नावापुढे 'नो बॉन्ड' असे दोन शब्द होते. त्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट जोडला आहे. त्याचा अर्थ 'जामीन मंजूर नाही' असा होता. मला तो तेव्हा कळला नाही, पण ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना तो कळायला हवा होता.

पुढचं सगळं आम्हाला वकिलांकडून समजलं. प्रोबेशनवरचा माणूस आधीच दोषी ठरलेला असतो, त्यामुळे खटल्याआधी आरोपीला जामिनाचा जो हक्क असतो तो त्याला तसा उरत नाही. टेक्सासच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४२ए.७५१ नुसार, अशा अटकेत जामिनावर सोडायचं का, हे ज्यांनी अटकेचा आदेश काढला तेच न्यायाधीश ठरवू शकतात. त्यांनी सोडलं नाही, तर आरोपीने अर्ज द्यायचा आणि अर्जापासून २० दिवसांच्या आत सुनावणी व्हायला हवी. म्हणजे त्या रात्री करण्यासारखी एकच गोष्ट होती : वकील गाठून तो अर्ज तयार करायला लावणं. आम्ही मात्र तुमच्या शब्दावर थांबलो आणि ते सगळे दिवस भावाने आत काढले. याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

डिफर्ड ॲडज्युडिकेशनची केस असती तर गोष्ट वेगळी होती. त्यात माणसाला अजून दोषी ठरवलेलं नसतं, म्हणून जामिनाची वाट बरीच मोकळी असते. तेव्हा 'साधं प्रोबेशन की डिफर्ड?' हा प्रश्न पैशांच्या आधी विचारायचा असतो. तुमच्या एजंटने तो विचारलाच नाही. कार्डचा नंबर मात्र लगेच विचारला.

सकाळ झाली, दुपार झाली. तुरुंगातून भावाचा फोन आला, "ताई, पैसे भरलेस ना? मग मला बोलावत का नाहीत?" आई साताऱ्याहून सारखी फोन करत होती. तिकडे जामीनदार म्हणून नातेवाईक नाहीतर ओळखीचा माणूस उभा राहतो, फी घेऊन जामीन देणारी कंपनी तिने कधी पाहिलेली नाही. पैसे भरूनही पोरगा आत का, हे तिला समजावणं मला जमलं नाही. तुमच्या कार्यालयात विचारलं की "कोर्टाकडून यायचं आहे" एवढंच उत्तर मिळायचं. कोर्टाकडून काहीच येणार नव्हतं, कारण कोर्टापुढे कुणी काही मागितलंच नव्हतं.

अखेर वकिलांच्या अर्जावर सुनावणी झाली. न्यायाधीशांनी अटी कडक करून प्रोबेशन चालू ठेवलं आणि भावाला सोडलं. बॉन्ड शेवटपर्यंत लागला नाही. शेरीफच्या (तुरुंग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात तुमच्या कंपनीचा एक कागदही गेलेला नाही.

पैसे परत मागितले तेव्हा 'प्रीमियम नॉन-रिफंडेबल आहे' असं सांगण्यात आलं. बॉन्ड भरल्यावर तसं असतं, हे मला मान्य आहे. तुम्ही बॉन्ड भरला असता आणि दुसऱ्याच दिवशी केस निकाली निघाली असती, तरी मी एक डॉलर मागितला नसता. भाऊ तारखेला आला नाही तर पूर्ण रक्कम कंपनीच्या अंगावर येणार, या जोखमीचे ते पैसे असतात. इथे तुम्ही कुठलीच जोखीम घेतलेली नाही. जो बॉन्ड अस्तित्वात नव्हता, त्याचा प्रीमियम तुमचा होत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण १,५०० डॉलर माझ्या कार्डावर परत करावेत, गाडीचं टायटल द्यावं आणि माझी हमी रद्द झाल्याचं सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं. त्या रात्रीच्या फोनचं रेकॉर्डिंग पुसू नये. आणि रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाला बजावावं की प्रोबेशनच्या वॉरंटवर न्यायाधीशांनी रक्कम ठरवल्याचं पाहिल्याशिवाय कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. रात्री फोन करणारी माणसं घाबरलेली असतात, समोरचा सांगेल ते खरं मानतात.

मुदतीत उत्तर आलं नाही तर ज्यांच्या परवान्यावर तुमचं दुकान चालतं त्या काउंटीच्या बेल बॉन्ड बोर्डाकडे मी तक्रार करेन. टेक्सासच्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दावा लावण्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती या पत्रानेच दिली आहे असं समजावं. २०,००० डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात चालतो आणि तिथे वकिलाशिवायही उभं राहता येतं. मी राहीन.

उत्तर लेखी द्यावं, फोनवर नको.

आपली,
करारावर सही करणारी बहीण