मानाची खुर्ची आणि पुस्तकाची शिलाई

महोदय,

आमच्या गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका नुकतीच हातात पडली. तीत १९७६ च्या बॅचचा फोटो ३२-३३ अशा जोडपानावर पसरून छापलाय. दुसऱ्या रांगेत मी आहे, स्पष्ट दिसतो. हेडमास्तर दिसत नाहीत. डाव्या पानावर त्यांचा एक कान, उजव्यावर दुसरा. मधला चेहरा गमात.

शहापुरात माझी चाळीस वर्षे बाइंडिंगमध्ये गेली, त्यामुळे झाले काय ते लगेच समजले. स्मरणिका आधी ६४ पानांची ठरली होती, पिना मारून. तेव्हा ३२-३३ नेमकी मधली पाने. एकच सलग कागद, अंक सताड उघडतो, फोटो बिनधास्त पसरा. मग जाहिराती वाढल्या (त्या मिळवायला मीच दोन दुकाने फिरलो होतो!), पाने ९६ झाली, पिना जाऊन गम बाइंडिंग (पाने पाठीकडून गमने चिकटवणे) आले. फोटो मात्र होता तिथेच राहिला.

१६ पानी फर्म्यात (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीत) ३२ हे दुसऱ्या फर्म्याचे शेवटचे पान आणि ३३ तिसऱ्याचे पहिले. म्हणजे दोन कागद, दोन वेळची छपाई. म्हणून डावीकडची मुले तांबूस, उजवीकडची निळसर. मूळ फोटो तर ब्लॅक अँड व्हाइट! शिवाय गम लावण्याआधी मशीन पाठीकडून दोन-तीन मिलिमीटर खरवडते, आणि असा अंक पुरता उघडतही नाही. दोन्हीकडून पाच-सहा मिलिमीटर गेले की दीड सेंटिमीटरच्या चेहऱ्याचे उरणार काय?

आपल्याकडे ग्रुप फोटोत मानाची खुर्ची मधोमध असते. म्हणजे शिलाईत जायचा तो नेमका सर्वांत मोठा माणूस. राजहंसगडाचा फोटो खुशाल दोन पानांवर घ्या, घडीत थोडा उतार गेला तर गड रागावत नाही. ग्रुप फोटो एका पानावर आडवा छापा. पसरायचाच असेल तर दोन्ही अर्धे घडीपासून बाहेर सरकवा आणि मधली पट्टी दोन्ही पानांवर पुन्हा घ्या. स्क्रीनवर उघड्या अंकासारखी दोन पाने शेजारी दिसतात, तिथे घडी ही नुसती एक रेघ असते. कोऱ्या कागदांची डमी बांधून हातात धरली असती तर हे पाच मिनिटांत कळले असते. आमच्या वेळी डमीशिवाय काम प्रेसमध्ये जात नसे.

आता सीमाभागातल्या दिवाळी अंकांची पाने लागत असतील, म्हणून हे पत्र. पाने वाढली की फोटोंच्या जागा पुन्हा तपासा, एवढेच सांगणे.

माझ्या प्रतीत गुरुजींचा पासपोर्ट फोटो मी खळीने चिकटवलाय.

— एक निवृत्त बाइंडर, शहापूर, बेळगाव