सोहम, तुझ्या त्या स्टेटसबद्दल जरा बोलायचंय

सोहम,

परवा तुझं स्टेटस बघितलं, हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, कोबेन, एमी वाइनहाऊस, असल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि वर लिहिलेलं 27 क्लब, म्हणजे 27 व्या वर्षीच गेलेले, लेजंड्स. फोनवर विचारलं तर म्हणलास पप्पा नशेशिवाय असलं म्युझिक निघतच नाय, तुम्हाला नाय कळायचं. बरं, म्युझिकमधलं नसंल कळत, पण मेडिकल चालवतो ना मी, गोळ्यातलं तरी कळतंय.

हेंड्रिक्सचंच घे. 1970 च्या सप्टेंबरात लंडनला गेला. कशानं? झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, गुंगीतच उलटी झाली आणि ती श्वासनळीत जाऊन गुदमरला. बस एवढंच. ह्याच्यात लेजंड काय आहे सांग मला. तसल्या गोळ्या आपल्या दुकानात पण असतात, जरा वेगळ्या जातीच्या, शेड्यूल एच वनमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत अशा यादीतल्या, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, सगळं रजिस्टरला लिहावं लागतं. तिकडं संभाजीनगरला तुम्ही पोरं ज्याला बटन म्हणता ना, ते हेच.

मागच्या आठवड्यात शटर ओढायच्या टायमाला एक पोरगं आलतं, तुझ्याच वयाचं. खोकल्याचं औषध पाहिजे, तेच पाहिजे, कोडीनवालं (कोडीन म्हणजे अफूच्या जातीचं औषध), तीन बाटल्या. चिठ्ठी नाय. म्हणलं खोकला कुणाला, तर म्हणे आजीला. आणि बोलता बोलता सारखं नाक, मान खाजवायलंय. कोडीनचं लिव्हरमधी मॉर्फीन होतं, त्यानं अंगाला खाज सुटती, चार चार दिवस संडास होत नाय, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हे कुणी स्टेटसला ठेवत नाय रे. औषध दिलं नाय मी, पण दुसरीकडं मिळालंच असंल.

आता तुझं ते जीनियसवालं. चार्ली पार्करचं नाव मी गूगल करून वाचलं, सॅक्सोफोनवाला. त्याच्यासारखं वाजवता यावं म्हणून कितीतरी पोरं हेरॉईन घ्यायला लागली, आणि तो स्वतः सांगायचा की घेऊ नका. 1955 ला 34 व्या वर्षी गेला तर बॉडी बघून डॉक्टरनं 50 ते 60 वय असंल असा अंदाज लिहिला होता. आणि कोल्ट्रेन, तो पण सॅक्सोफोनवाला? हेरॉईनपायी त्याला ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसनं बँडमधून काढलं, 1957 ला त्यानं नशा सोडली, आणि त्याचं सगळ्यात नावाजलेलं रेकॉर्डिंग 1964 चं आहे, म्हणजे सोडल्यानंतरचं. त्याचा फोटो तुझ्या स्टेटसला कुठं दिसला नाय मला.

एमीचं तर जास्तच वाईट वाटलं. नशा सोडवायच्या उपचाराला नाय म्हणणारं तिचं ते 'रिहॅब' गाणं, त्यालाच ग्रॅमी, लोक नाचले त्याच्यावर. 2011 च्या जूनला बेलग्रेडला स्टेजवर तिला शब्द आठवंनात, पब्लिक हुर्यो करायलं, आणि पुढच्या महिन्यात दारूनं गेली. ही माणसं वाईट होती असं मी अजिबात म्हणत नाय, आजारी होती, आणि आजाराचं पोस्टर करून विकलं लोकांनी.

तुझे आजोबा एकादशीला रात्रभर पखवाज वाजवायचे, चहावर. (तंबाखू खायचे, ती पण नशाच, मान्य.)

असो, स्टेटस काढ म्हणत नाय, ते आपोआप जातंय. खरं काम वेगळंय. तुझी आई सांगत होती की तुमच्या बँडमधला ड्रमवाला प्रोग्रामच्या आधी गोळी घेतो, हात थरथरू नये म्हणून. ती त्या झोपेच्या गोळ्यांच्याच जातीची असंल आणि रोज घेत असंल तर त्याला एकदम बंद करायला लावू नको, झटके येतात त्यानं, जिवावर बेततं. डॉक्टरकडं नेऊन हळूहळू डोस कमी करून घ्यावा लागतो. 14446 हा सरकारी नंबर फुकट आहे, आधी तिथं विचारा, नायतर तिकडंच घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात दाखवू, नाय तर रविवारी घेऊन ये त्याला इकडं, इथं परभणीत दाखवू. मी रागावणार नाय. पैशाचं मी बघतो, आणि त्याच्या घरी सांगायचं का नाय ते त्यालाच ठरवू दे.

पप्पा