मुक्कामी वकील आणि हॉटेलचे वाय-फाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले आणि सोलापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गकडच्या वकिलांच्या मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. तरी सावंतवाडी किंवा सोलापूरहून येणाऱ्याला मुक्काम चुकत नाही. सुनावणीच्या आदल्या रात्रीचे काम आता बहुतेक इंटरनेटवरच असते: ई-फायलिंग, निवाडे शोधणे, सिनिअरांना मसुदा पाठवणे, दुसऱ्या कोर्टातल्या तारखेला व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) हजर राहणे. हॉटेलच्या पाटीवर ‘फ्री वाय-फाय’ असते, पण त्याच्या भरवशावर तारखेचे काम सोडू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

चाळीस खोल्यांच्या हॉटेलात 100 एमबीपीएसची (सेकंदाला 100 मेगाबिट वेगाची) एकच फायबर लाइन आहे असे धरा. एचडी व्हिडिओ पाहणारा एक पाहुणा साधारण 5 एमबीपीएस घेतो. रात्री नऊला वीस जण मोबाइल घेऊन बसले की लाइन संपली. नवरात्रात आणि शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांनी खोल्या भरलेल्या असतात, तेव्हा तर विचारायलाच नको. त्यात राउटर जिन्यापाशी, मध्ये काँक्रीटच्या भिंती आणि लिफ्ट. कोपऱ्यातल्या खोलीसाठी स्वस्तातला रिपीटर (वाय-फाय पुढे पोचवणारा डबा) लावलेला असतो. तो एकाच चॅनलवर घेतो आणि पुढे देतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. मोबाइलवर मात्र सिग्नल पूर्ण दिसतो, कारण तो रिपीटरपर्यंतचा असतो. म्हणून सामान उघडण्याआधी दार लावून, टेबलापाशी बसून स्पीड टेस्ट करावी आणि त्यात अपलोडचा आकडा पाहावा. खोली बदलून मागायची ती तेव्हाच.

वकिलाचे काम अपलोडवर अडते. 25 एमबीची फाइल 1 एमबीपीएस अपलोडने चढायला निदान 200 सेकंद लागतात (एक बाइट म्हणजे आठ बिट); मध्ये कनेक्शन तुटले की बहुधा पहिल्यापासून. शिवाय अपलोड भरून वाहू लागले की साधे पान उघडणेही रखडते, कारण आलेल्या माहितीची पोच परत जायला जागा उरत नाही. व्हीसी चालू असताना चित्र गोठते ते अनेकदा यामुळेच: मागे वनड्राइव्ह किंवा गुगल फोटो गुपचूप फाइली चढवत असतात. विंडोजमध्ये हॉटेलचे नेटवर्क ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायचे) करून ठेवावे आणि सिंक हाताने थांबवावे.

यावरचा खरा इलाज ऑफिसातल्या स्कॅनरपाशीच आहे. 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) टाइप केलेले पान काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये साधारण 50 ते 100 केबीचे होते; तेच रंगीत मोडमध्ये सहज एक एमबीच्या पुढे जाते. म्हणजे 400 पानांचा संच एकीकडे 20 ते 40 एमबी, दुसरीकडे 400 एमबी. फोटो, नकाशे आणि रंगीत शिक्क्यांची पाने तेवढी रंगीत ठेवावीत. ओसीआर (स्कॅनमधला मजकूर शोधता येण्याजोगा करणे) आणि बुकमार्क निघण्यापूर्वीच करून, ई-फायलिंग पोर्टलच्या मर्यादेप्रमाणे भाग पाडून न्यावेत. हॉटेलात बसून ऑनलाइन संकेतस्थळावर पीडीएफ लहान करायला जाऊ नये. तिथे फाइल आधी पूर्ण चढवावीच लागते, आणि पक्षकाराची कागदपत्रे परक्या सर्व्हरवर जातात ते वेगळेच. डिजिटल सहीच्या टोकनचा (सही साठवलेल्या यूएसबी उपकरणाचा) ड्रायव्हरही घरूनच टाकून न्यावा.

बॅगेत तीन मीटरची कॅट-6 केबल (नेटची वायर) आणि ती लॅपटॉपला जोडणारा यूएसबी-सी ते लॅन ॲडॉप्टर असावा. काही खोल्यांत टीव्हीमागे किंवा टेबलाखाली लॅनचे सॉकेट असते. ते जिवंत असेल तर भिंती आणि रिपीटर दोन्हींचा त्रास टळतो. वाय-फायचे लॉगिनचे पान उघडतच नसेल तर व्हीपीएन आणि मोबाइलमधला प्रायव्हेट डीएनएस बंद करून पाहावे, लॉगिन झाल्यावर पुन्हा चालू करावे.

तरीही व्हीसीसाठी आमची पहिली पसंती मोबाइल डेटालाच. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे, शक्यतो दोन वेगळ्या फोनमध्ये. एकाच फोनमध्ये दोन्ही असली तर दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्याचा डेटा अनेक फोनमध्ये थांबतो, आणि नेमके त्याच वेळी आपले प्रकरण पुकारले जाते. फोन खिडकीत ठेवावा, लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडावा. नेट फारच ओढू लागले तर इतर सगळे बंद करून आवाज वाचवावा. आवाजाला 100 केबीपीएसच्या आसपास पुरते. कॅमेरा बंद करायचा झाल्यास मात्र न्यायालयाची परवानगी घ्यावी.

एक गोष्ट विशेष जपण्याची. नेट मंद असले की पुराव्यातली व्हिडिओ क्लिप व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने मागवली जाते. व्हॉट्सॲप ती दाबून लहान करते आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावी लागते. ती जुळली नाही की उलटतपासणीला आयता मुद्दा मिळतो. क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी, आणि आल्यावर एसएचए-256 हॅश (हॅश काढण्याची एक पद्धत) मूळ फाइलच्या हॅशशी ताडून पाहावी. मूळ फाइल पेनड्राइव्हवर सोबत नेणे सर्वात चांगले.

रिसेप्शनच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडून प्रिंट काढण्याची सवयही सोडायला हवी. लॉगिन तसेच राहते, फाइल डाउनलोड्समध्ये पडून राहते. अडलेच तर पेनड्राइव्हवरून थेट प्रिंट घ्यावी. त्या पेनड्राइव्हवर तेवढीच फाइल असावी.

कोल्हापुरातल्या हॉटेलमालकांना आमची विनंती आहे. प्रत्येक मजल्यावर निदान दोन खोल्यांत चालू लॅन सॉकेट द्यावे, एका मोबाइलला मिळणाऱ्या वेगावर राउटरमध्ये मर्यादा घालावी, आणि राउटर व फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घ्यावा. वीज गेली की खोलीतला दिवा लागतो पण नेट बंद पडते, ते हा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर नसल्यामुळे. बार असोसिएशननेही अशा सोयी असलेल्या हॉटेलांची यादी करून नोटीस बोर्डावर लावावी.

आपले,
वकिलांच्या कार्यालयांत संगणकाचे काम पाहणारे,
कोल्हापूर