तक्रार पत्र : ‘डीडीआर५-६०००’ म्हणून विकलेली चार स्टिकची रॅम आणि नाकारलेली वॉरंटी

पुणे
दि. १२ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : असेंबल करून दिलेल्या डेस्कटॉपच्या रॅममधील दोष दुरुस्त न करता ‘मशीन ओके’ म्हणून परत पाठवणे आणि नंतर ओव्हरक्लॉकिंगचे (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे) कारण सांगून वॉरंटी नाकारणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून २१ मे २०२४ रोजी मी १ लाख ६८ हजार ५०० रुपयांना एक असेंबल केलेला डेस्कटॉप घेतला. रायझन ९ ७९००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, प्रत्येकी १६ जीबीच्या चार स्टिक (रॅमच्या पट्ट्या) मिळून ६४ जीबी रॅम, ८५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आणि दोन टॉवरचा एअर कुलर, अशी ही मशीन आहे. उत्पादनाच्या पानावर आणि बिलावरही ‘६४ जीबी डीडीआर५-६०००’ असे स्पष्ट छापले आहे; डीडीआर५ हा रॅमचा प्रकार आणि ६००० हा तिचा वेग, म्हणजे सेकंदाला इतक्या दशलक्ष देवाणघेवाणी. ही रॅम ६००० वर एक दिवसही भरवशाने चाललेली नाही. आपल्या सर्व्हिस सेंटरने मशीन दोनदा नेली, दोनदा परत दिली. २ ऑगस्टच्या ईमेलमध्ये मात्र ‘ग्राहकाने ओव्हरक्लॉकिंग केले आहे, वॉरंटी लागू नाही’ असे कळवले. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही, ते चाचण्यांच्या नोंदींसह खाली मांडत आहे.

मशीन घरी आली तेव्हा बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमला जाहीर केलेल्या जास्त वेगावर नेणारी तयार मांडणी, आधीच चालू होती. ती आपल्या असेंब्ली विभागानेच चालू केली होती आणि पेटीतल्या आपल्या माहितीपत्रकात ‘रॅमचा पूर्ण वेग मिळण्यासाठी एक्स्पो चालू ठेवा’ असेही छापले आहे. या स्थितीत रात्री बंद केलेली मशीन सकाळी सुरू केली की दहापैकी तीन-चार वेळा बोर्डवरचा डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहायचा आणि पडद्यावर काहीच यायचे नाही. डीडीआर५ चे मेमरी ट्रेनिंग (रॅम आणि प्रोसेसर यांच्यातले सिग्नल जुळवून घेणे) पहिल्यांदा काही मिनिटे घेते हे मी जाणतो. त्यामुळे दर वेळी पंधरा मिनिटे थांबूनच मशीन बंद केली. सुरू झालीच तर दिवसातून एक-दोनदा निळा पडदा यायचा. त्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, तर कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असा संदेश असायचा.

निळा पडदा निदान दिसतो तरी. खरा धोका न दिसणाऱ्या चुकांचा आहे आणि आपल्या सर्व्हिस सेंटरने त्याकडे लक्षच दिले नाही. २२ जीबीच्या एकाच झिप फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलमधल्या माहितीवरून काढलेली खूण) विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने लागोपाठ दहा वेळा काढली. फाइलला कोणी हात लावला नसेल तर दहाही उत्तरे तंतोतंत सारखीच यायला हवीत. एक्स्पो चालू असताना आठ उत्तरे सारखी आली आणि दोन वेगळी. एक्स्पो बंद करून त्याच एसएसडीवरची तीच फाइल तपासली, तेव्हा दहाही उत्तरे जुळली. म्हणजे एसएसडी ठीक आहे, रॅममधून जाता-येता बिट बदलत आहेत. अशा मशीनवर फोटोंचा संग्रह एका डिस्कवरून दुसरीकडे हलवला किंवा हिशेबाची फाइल सेव्ह केली, तर ती बिघडल्याचे कदाचित वर्षभराने कळेल. तोवर चांगल्या बॅकअपच्या जागी बिघडलेला बॅकअप जाऊन बसलेला असेल.

फोनवरील आपल्या प्रतिनिधीने ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असते, चुका आपोआप दुरुस्त होतात’ असे सांगितले. ही माहिती चुकीची आहे. डीडीआर५ मधली ऑन-डाय ईसीसी फक्त रॅमच्या चिपच्या आतल्या चुका सुधारते. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर होणारी चूक तिला दिसत नाही. येथे बिघाड नेमका त्याच वाटेवर आहे.

चाचण्या पुढीलप्रमाणे केल्या. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवले, प्रत्येक वेळी पूर्ण चार फेऱ्या. बायोसमधले ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ (जुने ट्रेनिंग पुन्हा वापरण्याची सोय) बंद ठेवले, म्हणजे प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना ट्रेनिंग नव्याने होते आणि जुन्या यशस्वी ट्रेनिंगच्या जोरावर चाचणी पास होत नाही. एकेक स्टिक ए२ स्लॉटमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या, एकटीच लावून ६००० वर तपासली. चारही निर्दोष निघाल्या. ए२ आणि बी२ मध्ये दोन स्टिक लावून ६००० वर तपासले, शून्य चुका. चारही स्लॉट भरून ६००० वर चालवले तर पहिल्याच फेरीत ३७ चुका आल्या. ५६०० वर चुका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. ४८०० वर चार फेऱ्या स्वच्छ गेल्या, मात्र दहा कोल्ड बूटपैकी (मशीन पूर्ण बंद ठेवून नव्याने सुरू करणे) दोनदा ट्रेनिंग अडकले. प्रत्येक कोल्ड बूटआधी मागचे बटण बंद करून मशीन अर्धा तास तशीच ठेवली होती. एक्स्पो बंद केल्यावर बोर्डने स्वतः ३६०० चा वेग घेतला. त्या वेगावर चार फेऱ्याही स्वच्छ आणि दहा बूटही स्वच्छ.

हा ३६०० चा आकडा योगायोगाने आलेला नाही. ७९००एक्ससाठी तो बनवणाऱ्या एएमडीने प्रसिद्ध केलेल्या तपशिलातच दोन स्टिकसाठी डीडीआर५-५२०० आणि चार स्टिकसाठी डीडीआर५-३६०० अशी मर्यादा दिलेली आहे. मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) प्रोसेसरच्या आत असतो आणि ए व बी यांपैकी प्रत्येक चॅनलचे दोन स्लॉट एकाच वाटेवर एकापुढे एक असतात. फक्त ए२-बी२ भरले की सिग्नल वाटेच्या टोकाला जाऊन संपतो. ए१-बी१ही भरले की कंट्रोलरवरचा भार वाढतो, मधल्या स्टिकवरून सिग्नल परावर्तित होतो आणि जास्त वेगात शून्य व एक यांच्यातला फरक ओळखणे अवघड होत जाते. दोन स्टिक ६००० वर सहज चालतात म्हणून चारही चालतील, असे धरून चालता येत नाही. रोज मशीन असेंबल करणाऱ्या कंपनीला हे ठाऊक असायलाच हवे.

त्यात भर म्हणजे या चार स्टिक एका किटमधल्या नाहीत. चारही स्टिकवर मॉडेल नंबर एकच आहे, पण खालच्या बारीक अक्षरांतला व्हर्जन नंबर दोन स्टिकवर वेगळा आहे. सीपीयू-झेड या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये पाहिले तर दोन स्टिकमध्ये एसके हायनिक्सच्या चिप आहेत आणि दोनमध्ये सॅमसंगच्या. एक्स्पोमधली टायमिंगही (रॅमच्या विलंबाचे आकडे) जुळत नाहीत. एका जोडीत ३६-३८-३८-८० आहेत, दुसरीत ३६-३६-३६-९६. रॅम बनवणारे किटमधल्या स्टिक एकत्र तपासून विकतात आणि दोन किट मिसळू नका असे बजावतात. तरीही आपण दोन किट मिसळून बिलावर ‘६४ जीबी’ अशी एकच नोंद केली आहे.

ग्राहकाचे यात किती नुकसान होते तेही पाहावे. रॅमची वाट एकूण १२८ बिटची, म्हणजे १६ बाइटची असते. ६००० वर सैद्धांतिक वेग सेकंदाला ९६ जीबी होतो. ३६०० वर तो ५७.६ जीबी राहतो, म्हणजे ४० टक्के कमी. पैसे ६००० च्या रॅमचे घेतले आहेत.

आता सर्व्हिस सेंटरने काय केले ते. पहिल्यांदा, १० जूनला मशीन नेल्यावर, विंडोज नव्याने टाकली आणि घरातले अर्थिंग तपासून घ्या असे सांगितले. अर्थिंग तपासले. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने १.४ व्होल्ट आले, त्यात काही वावगे नाही. शिवाय एकटी स्टिक आणि दोन स्टिक त्याच सॉकेटवर निर्दोष चालतात. अर्थिंगचा दोष असता तर तो स्टिक मोजून आला नसता. दुसऱ्यांदा, ४ जुलैला, एसएमपीएस बदलला आणि १५ जुलैला जॉब कार्डवर ‘मशीन ओके, टेस्टेड’ असे लिहून मशीन परत दिली. घरी बायोस उघडून पाहिले तर एक्स्पो बंद आणि रॅम ३६०० वर. केलेल्या कामात याची नोंद कोठेही नाही. वेग उतरवून मशीन स्थिर करणे हे तात्पुरते निदान म्हणून योग्यच आहे. मात्र ग्राहकाला न सांगता वेग उतरवायचा आणि त्याला दुरुस्ती म्हणायचे, ही फसवणूक आहे. हा शब्द मी विचार करूनच वापरत आहे.

त्यानंतर आपल्याच माहितीपत्रकाप्रमाणे एक्स्पो पुन्हा चालू केली, मशीन पुन्हा बंद पडू लागली आणि तक्रारीवर ओव्हरक्लॉकिंगचे उत्तर आले. एक्स्पो ही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्यामुळे होणारे नुकसान एएमडीच्या वॉरंटीत येत नाही, हे खरे आहे. पण मी प्रोसेसर सुटा घेतलेला नाही. मी आपल्याकडून ‘डीडीआर५-६०००’ असे लिहिलेली पूर्ण मशीन घेतली आहे आणि तिच्यावर आपली तीन वर्षांची वॉरंटी आहे. जो वेग आपण जाहिरातीत दाखवला, असेंब्लीत लावला आणि माहितीपत्रकात चालू ठेवायला सांगितला, तो चालू ठेवणे हा ग्राहकाचा दोष कसा ठरतो, याचे लेखी उत्तर द्यावे.

आणखी दोन बाबी आहेत. बोर्डवरचा बायोस मार्च २०२३ चा होता आणि एक्स्पो चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या मोजमापे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारे) १.३६ दिसत होते. एएम५ (या प्रोसेसरचे सॉकेट असलेल्या) बोर्डांवर प्रोसेसर जळण्याचे प्रकार उघडकीस आल्यावर एएमडीने एप्रिल २०२३ मध्ये हे व्होल्टेज १.३ वर रोखणारे नवे फर्मवेअर (बायोसमधला एएमडीचा भाग) बोर्ड बनवणाऱ्यांना दिले. मे २०२४ मध्ये विकलेल्या मशीनवर त्याआधीचा बायोस असायला नको होता. आपल्या प्रतिनिधीच्या फोनवरील सूचनेप्रमाणे बायोस अपडेट केला आहे. व्होल्टेज आता १.२५ च्या आसपास आहे. वर दिलेल्या सर्व चाचण्या अपडेटनंतरच्या आहेत.

दुसरी बाब कुलरची. कॅबिनेटची बाजू उघडून टॉर्च मारला की कुलरच्या बुडाखालून पारदर्शक प्लास्टिकचे एक टोक बाहेर आलेले दिसते. ही कुलर लावण्याआधी सोलून काढायची संरक्षक फिल्म आहे. ती थर्मल पेस्ट आणि धातू यांच्यामध्ये तशीच राहिली आहे. ७९००एक्स पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जातो, त्याची रचनाच तशी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण येथे भार देताच चार सेकंदांत ९५ अंश होतात आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) ४.१ गिगाहर्ट्झवर घसरतो. या प्रोसेसरचा बेस क्लॉकच ४.७ आहे. कुलर काढल्याचे निमित्त पुन्हा वॉरंटीवर येऊ नये म्हणून मी फिल्मला हात लावलेला नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. चारही स्टिक काढून ३२ जीबीच्या दोन स्टिकचे एकच किट द्यावे. ते डीडीआर५-६०००, एक्स्पोसह आणि या बोर्डच्या निर्मात्याच्या तपासलेल्या रॅमच्या यादीतले असावे, आणि ए२ व बी२ मध्ये लावावे. फिल्म काढून, जुनी पेस्ट पुसून कुलर नव्याने बसवावा. मशीन परत देण्यापूर्वी एक्स्पो चालू ठेवून मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या आणि दहा कोल्ड बूट करावेत, मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद ठेवून, आणि निकाल बायोस व्हर्जन व रॅमच्या वेगासह जॉब कार्डवर लिहावा. दोन स्टिक लावल्या तरी ६००० हा वेग एएमडीच्या ५२०० च्या वरच आहे. म्हणून तो आपल्या वॉरंटीत धरला जाईल असे लेखी द्यावे. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. याशिवाय उत्पादनाच्या पानावरून चार स्टिकसमोरचा ६००० चा आकडा काढावा. आजही ते पान तसेच आहे आणि ते वाचून कोणीतरी मशीन घेत असेल.

ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली पुणे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि या रकमेसाठी तेथे शुल्क लागत नाही.

बिल, दोन्ही जॉब कार्ड, २ ऑगस्टचा ईमेल, माहितीपत्रकाचे पान, मेमटेस्टचे सर्व अहवाल, एसएचए-२५६ च्या दहा-दहा उत्तरांच्या नोंदी आणि स्टिकवरील लेबल व कुलरखालच्या फिल्मची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मशीन नेण्यासाठी येणाऱ्या तंत्रज्ञाने निघण्यापूर्वी माझ्यासमोर बायोसमधील रॅमचा वेग पाहून तो पावतीवर लिहावा, ही विनंती.

आपला,
(सही)
ग्राहक, पुणे