डॉक्टरबाई, हे तोंडावर बोलता आलं नसतं

आदरणीय डॉक्टरबाई,

बोंडू, तुम्ही वाचवलेलं आमचं पिल्लू, आता अंगणात कोंबड्यांच्या मागे धावतो आणि सासूबाईंच्या शिव्या खातो. त्याचं जेवण तेच दिसतंय सध्या. आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे लिहून काढते.

आमची गावठी कुत्री काजूच्या बागेत व्याली, पिल्लं तीन. सहा आठवड्यांची झाली तेव्हा आम्ही त्यांना रीतसर एका दवाखान्यात नेलं. तिथल्या साहेबांनी मोबाइलवरून नजर न काढता तिघांना टोचलं. ‘झालं, आता काही होत नाही,’ म्हणाले. आणि झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलं गेलं, मग दुसरं. रक्ताची हगवण आणि तो वास, घरातून जाता जात नव्हता. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘गावठीच ना? बागेत आणखी मिळतील.’ त्या साहेबांना हे पत्र कुणी वाचून दाखवलं तरी माझी हरकत नाही.

बोंडूने ओकायला सुरुवात केली तेव्हा तुम्हाला फोन गेला. तुम्ही आलात, पण अंगणातच थांबलात. चपला काढल्यात, बादली मागितलीत, पिशवीतून ब्लीचची बाटली काढून पाण्यात ओतलीत आणि चपलांचे तळवे त्यात बुडवून ठेवलेत. पाय धुतलेत, हात कोपरापर्यंत चोळलेत. आत पिल्लू कण्हत होतं आणि मी मनात म्हणत होते, या बाईंना घाई कशी नाही! सासूबाई तर खूश झाल्या, त्यांना वाटलं तुम्ही देवघराचा मान राखताय. तुम्ही म्हणालात, ‘मावशी, सकाळपासून चार आजारी कुत्री हाताळून आलेय. त्यांची घाण याच्यापर्यंत कशाला नेऊ?’ पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांच्या या हगवणीचा, विषाणू साध्या साबणाला नि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, जमिनीत महिनोन् महिने टिकतो, हे नंतर कळलं. आधीच्या दवाखान्यात आमची पिल्लं ज्या टेबलावर ठेवली, त्यावर आमच्या डोळ्यांदेखत एक कुत्रं ओकलं होतं. कुणीतरी फडकं फिरवलं, बस्स. एका गावठी पिल्लासाठी स्वतःच्या चपला धुणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. सलाइन, इंजेक्शनं, रात्रीची जागरणं, त्याबद्दल लिहीत नाही. ते सगळं तुम्ही केलंत, पण माझ्या डोळ्यांपुढे ती बादलीच येते.

तुमचा पहिला प्रश्नही वेगळा होता: ‘जन्मल्या दिवशी आई जवळ होती ना? चीक प्यालं का?’ गाईच्या चिकाचा खरवस आम्ही आवडीने खातो, कुत्रीच्या चिकाचा विचार कोण करतो? सोप्यावर बसून, एक डोळा सलाइनच्या थेंबांवर ठेवून, तुम्ही सांगितलंत. पोटात असताना पिल्लाला आईकडून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं अगदी थोडी मिळतात, बाकी सगळी चिकातून. तीही पहिल्या दिवसभरात, कारण नंतर आतडं ती रक्तात जाऊ देत नाही. ही आईने बांधून दिलेली शिदोरी, रोज थोडी थोडी संपणारी. पिल्लाची स्वतःची फौज तोवर तयार होत असते. छातीत हृदयाच्या पुढे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे पांढऱ्या पेशी शिकून निघतात, आणि कुत्रं वयात आलं की ती ग्रंथी आकसते.

घोळ इथे होतो, म्हणालात. शिदोरी शिल्लक असेल तर आईची प्रतिपिंडं लशीलाच निकामी करतात, आणि लस लागू पडण्याइतकी ती कमी होण्याआधी काही दिवस असे येतात की रोगाला अडवायलाही ती पुरत नाहीत. हे दिवस कुठल्या पिल्लाला कधी येतील, बाहेरून सांगता येत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. म्हणजे साहेबांचं ते एक इंजेक्शन वाया गेलं असण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही त्यांच्याबद्दल एक शब्दही वाईट बोलला नाहीत. मला ते जमत नाही.

गोव्यात जाळी घेऊन वाड्यावाड्यावर फिरून कुत्र्यांना रेबीजची लस टोचणारी माणसं आहेत. २०२१ मध्ये आपलं राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं, त्यात त्यांचा घाम आहे. त्यांनाही नमस्कार. पार्व्होसाठी मात्र दारात कुणी येत नाही, कारण तो माणसाला होत नाही. तिथे तुमच्यासारखं कुणी लागतं, ज्याला कुत्र्याचं मरणही मरणच वाटतं. अशी माणसं आपल्या सत्तरी तालुक्यात आहेत, फोन उचलतात, हे चार जणांना कळावं म्हणून हे पत्र उघड्यावर.

पार्व्होतून उठला म्हणजे डिस्टेंपर, हा कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा रोगही, टळला असं नाही, हे तुमचं वाक्य घरात पाठ झालंय. सोळा आठवड्यांचा डोस झाला, रेबीजची लसही. सहा महिन्यांचा डोस गणेशचवथीच्या आसपास येतो. मागच्या वेळी तुम्ही फक्त औषधांचे पैसे घेतलेत. या खेपेला फी घ्यावी लागेल, नाहीतर सासूबाई नेवऱ्यांचा डबा तुमच्या स्कूटरला बांधतील आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही.

आपली,
बोंडूच्या घरची सून