इटालियन खेळणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

त्या रविवारी बुद्धिबळाच्या स्पर्धेत पुढच्या फेरीची नावं पुकारली गेली आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

आपला डाव तसा साधाच. तुमचा उंट सी ४ वर, माझा सी ५ वर. इटलीचा खेळाडू ग्रेको सतराव्या शतकात खेळायचा तीच इटालियन सुरुवात. पुढे प्यादी सी ३, डी ३ वर, सगळं सावकाश. वजीर गेले, घोडे गेले आणि शेवटी माझ्या हत्तीसमोर तुमचा हत्ती नि एक प्यादं उरलं. मी हत्ती माझ्या बाजूच्या तिसऱ्या ओळीवर धरून ठेवला. प्यादं त्या ओळीवर सरकलं तसा तो थेट तुमच्या टोकाला नेला आणि मागून शह देत बसले. फ्रेंच खेळाडू फिलिडोरने अठराव्या शतकातच दाखवून ठेवलेली बरोबरी. तुम्ही बराच वेळ वाट शोधलीत, मग हात पुढे केलात.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "काय ओ काका, ताई म्हणून सोडलं काय?"

तुम्ही नुसतं हसला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही प्यादं एक घर मागे घेतलंत, मोहरी पुन्हा जागेवर ठेवलीत, खुर्चीवरून उठलात आणि त्याला म्हणालात, "बस. जिंकून दाखव." तो बसला. प्यादं ढकललं, मी शह दिला, पुन्हा शह. त्याच्या राजाला लपायला जागाच सापडेना. थोड्या वेळाने साहेब चहा सांगायला म्हणून उठले ते आलेच नाहीत.

याआधी एका स्पर्धेत अशीच बरोबरी झाली होती. समोरच्या गृहस्थांनी सही करता करता चारचौघांत सांगितलं, "मुद्दाम सोडलं, बिचारीची अक्कलकोटची गाडी चुकली असती." पंचही हसले. खाडिलकर भगिनींनी सत्तरच्या दशकात पट गाजवला, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक आणला, तरी आपल्याकडे बाईची बरोबरी ही कुणीतरी दिलेलीच असते! तुमच्यासारखी सरळ माणसं सोलापुरात आहेत, सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत असतील. ती फक्त अशा वेळी गप्प बसतात. तुम्ही बसला नाहीत, आणि माझी बाजू घेतोय असा आवही आणला नाहीत.

पुढच्या वेळी पांढरी मोहरी मला आली तर स्पॅनिश सुरुवात खेळणार आहे. तयारी करून या.

तुमची,
तिसऱ्या पटावरची काळी